मायरा दिसत नाही तेव्हा

संक्रांत होऊन गेली तरी मोहिनीताईंना मायरा दिसला नव्हता. इंदिरानगरच्या गच्चीवर दिवेलागणीनंतर दुर्बीण घेऊन जायचं, सवयीनं ती उजव्या डोळ्याला लावायची आणि हिरमुसून खाली यायचं, असं चाललं होतं.

"आई, आज तरी घरी आहे का तुमचा पाहुणा?" सून दिशा कणीक मळता मळता विचारायची.

"येईल. त्याचा काही नेम नसतो."

हे अर्धंच खरं होतं. मायरा म्हणजे म्हातारा, फुगलेला, लाल तारा. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीला पोटात घेईल एवढा. साधारण अकरा महिन्यांत तो एकदा फुगतो नि आकसतो. थंडावला की त्याच्याच वायूंचा पडदा उजेड अडवतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. मग पुन्हा उजळतो. कळवणच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यापासून मोहिनीताई त्याची ही ये-जा टिपत आल्या होत्या. लाल ताऱ्याकडे टक लावायची नाही, तो उगाच ठळक वाटतो. अंधुक असला तर नजर जराशी बाजूला ठेवायची, डोळ्याच्या कडेला तो बरोबर सापडतो. हे त्यांनीच किती मुलांना शिकवलं होतं.

आणि आता ती कडच दगा देतेय की काय, हा घोर त्यांना लागला होता. त्यांच्या आईची, गोजराबाईंची नजर काचबिंदूनं अशीच कडेकडून गेली होती. समोर दारात उभं राहिलेलं माणूस दिसायचं, पण ताटाशेजारचा तांब्या न दिसून कलंडायचा. त्या म्हणायच्या, "उजेडच कमी हाय गं."

खरं तर छडा लावणं सोपं होतं. शेजारी न बदलणारे तारे असतात, त्यांच्याशीच मायराला ताडून बघायचं; तेही दिसले नाहीत तर दोष डोळ्याचा. मोहिनीताई तेवढंच टाळत होत्या.

त्या संध्याकाळी दिशा वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आली. मोहिनीताईंनी तिच्या हाती दुर्बीण दिली. "तो त्रिकोण बघ. त्याच्या खालच्या टोकाशी एक बारका तारा आहे?"

"आहे की. आणि त्याच्याखाली तांबूस एक. तो तर जास्त ठळक आहे. हाच ना तुमचा?"

मोहिनीताईंनी दुर्बीण घेतली. या वेळी उजवा डोळा मिटून ती डाव्याला लावली. दोन्ही तारे जागच्या जागी होते. मग डावा मिटला, दुर्बीण उजव्याला लावली आणि नजर जरा बाजूला सरकवली. बारका नाही. तांबूसही नाही. बाजूला काहीच नव्हतं.

"काय झालं?"

"तो वेळेवर आलाय, दिशा." त्या कठड्याला टेकल्या. "माझा उजवा डोळा गडबडलाय. महिनाभर लपवतेय मी. माझ्या आईला काचबिंदू होता."

दिशानं हातातले कपडे तसेच दोरीवर टाकले आणि फोन काढला. "शाळेत मुलांना आजार लपवू द्यायचात का असा?"

"नाही."

"मग उद्या सकाळी आपण डॉक्टरांकडे जातोय. मी रजा टाकते."

मोहिनीताईंनी होकारार्थी मान हलवली. "अजून आठवडाभर थांबून बघू" हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.