खडकावर लावलेली खारफुटी

मावशीला बेटावर सगळे 'चिखली' म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. नवीन माणूस संकोचून "तुम्हाला काय म्हणू?" असं विचारायचा, तेव्हा ती म्हणायची, "चिखली म्हणा. बाकी सगळी नावं दुसऱ्यांनी दिली, हे एवढं मी स्वतः कमावलंय."

खाडीच्या काठावर तिची खारफुटीची रोपवाटिका होती. पूर्वी ती सरकारी होती आणि मावशी तिथे रोजंदारीवर. तिचे यजमान, आमचे काका, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. ते तापाने गेले तेव्हा त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, जेमतेम चालायला लागली होती. पुढे सरकारने रोपवाटिका बंद केली. साहेब लोक टेबलं-खुर्च्या घेऊन गेले आणि रोपं तिथेच टाकून गेले. "खुर्च्या मोजून नेल्या मेल्यांनी," मावशी सांगायची, "जिवंत होतं तेवढं सोडून गेले." तीच रोपं तिने वाढवली. समुद्र ज्यांचे बांध खात होता, ते कोळंबीच्या तळ्यांवाले तिच्याकडून रोपं न्यायचे. पोचवायचं काम माझं. माझा तीनचाकी टेम्पो आहे, आणि त्याच्या मागच्या फळीवरचा चिखल काही केल्या जात नाही.

खाडीच्या तोंडाशी मोठी वसाहत येणार अशी बातमी आली, तेव्हा लोकांना वाटलं, चिखली आता रस्त्यावर आडवी पडणार. तसं काही झालं नाही. वसाहत बांधणाऱ्या कंपनीने सभा बोलावली तेव्हा ती उठून म्हणाली, "घरं बांधायला माझी ना नाही. आम्ही दोन खोल्यांत चार-चार बिऱ्हाडं राहतोय, हे मला दिसत नाही का? पण वरच्या माळावर बांधा. खालचा पट्टा पाण्याचा आहे, तो पाण्याला राहू द्या."

कंपनीचा मॅनेजर मोठा गोड माणूस. त्याने टाळ्या वाजवल्या. म्हणाला, काही झाडं काढावी लागतील, पण जेवढी काढू त्याच्या कितीतरी पट लावू, आणि सगळी रोपं तुमच्याकडूनच घेऊ. मावशी हरखली. खोटं कशाला बोलू, आम्ही सगळेच हरखलो. ताईला कंपनीच्या विक्री कार्यालयात नोकरी लागली. एक फोटोवाला येऊन गेला आणि थोड्याच दिवसांत त्या कार्यालयाच्या भिंतीवर मावशीचा दारापेक्षा उंच फोटो लागला. हातात रोप, चेहऱ्यावर हसू, खाली लिहिलेलं, 'निसर्ग आमच्या घरचाच.' मावशी तो बघून लाजली होती. म्हणाली, "दात फार दिसतायत."

रोपं मी पोचवत होतो, पण ती कंपनीच्या फाटकापर्यंतच. तिथून पुढे त्यांची गाडी. नेमकी कुठे लावतात, हे बघायचं मावशीच्या डोक्यात बरेच दिवस होतं. एक दिवस ती टेम्पोत बसली आणि म्हणाली, "चल, त्या गाडीच्या मागे."

गाडी खाडीकडे वळलीच नाही. ती चढली वर, दगडाच्या जुन्या खाणीकडे. तिथे तांबड्या मुरमात, भर उन्हात, सरळ रांगांमध्ये मावशीची खारफुटी उभी होती. उभी कसली, वाळून काटक्या झाली होती. भरतीचं पाणी त्या खाणीपर्यंत कधी आलेलं नाही आणि येणारही नाही. शेजारी एक पाटी, आणि पाटीसमोर उभं राहून फोटो काढणारे दोन सरकारी अधिकारी.

मॅनेजरही तिथेच होता. मावशी त्याला म्हणाली, "अहो, ही खाऱ्या पाण्यातली झाडं."

"माहीत आहे ना," तो म्हणाला. अगदी सहज. "पण परवानगीत 'झाडं लावावीत' एवढंच लिहिलंय. कुठे लावावीत ते नाही लिहिलेलं."

"मरतील ती."

"मेली की पुन्हा तुमच्याकडूनच घेऊ. तुमचा फायदाच आहे, मावशी."

आम्ही परत फिरलो. खाडीशी आलो तर खाली दुसराच प्रकार. तोंडाजवळची जुनी खारफुटी साफ झालेली, आणि तिच्या जागी मुरमाचा भराव. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तो अडाणी असता तर मी समजावलं असतं," ती म्हणाली. "चुकला असता तर माफ केलं असतं. त्याला सगळं माहीत आहे रे! माहीत असून हसतो!"

घरी आल्यावर मावशीने ताईला गाठलं. ताई नुकतीच कामावरून येऊन पाय धूत होती.

"तुला ठाऊक होतं?"

ताई पाय धूतच राहिली.

"मी काय विचारतेय?"

"आई, मी तिथे नोकरी करते. गिऱ्हाइकांना खोल्या दाखवते. झाडं कुठे लावायची ते मला विचारून ठरवत नाहीत."

"ठाऊक होतं की नव्हतं?"

"होतं," ताई म्हणाली. "तुला सांगून काय झालं असतं? भांडली असतीस, एवढंच. त्यांनी दुसरीकडून रोपं आणली असती."

मावशीने ताईला जेवायला वाढलं आणि स्वतः न जेवता उठून गेली. भांडण मला चाललं असतं. ते मुकाट वाढणं मला बघवेना.

सुट्टीच्या दिवशी विक्री कार्यालयात गर्दी असते. मावशीने तोच दिवस धरला. खाणीतली वाळलेली रोपं आम्ही उपटून टेम्पोत भरली आणि थेट काचेच्या दारासमोर उतरवली. पहारेकरी "अहो, अहो" करेपर्यंत मावशी आत. गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर तिने मोळीच्या मोळी टाकली. मधोमध वसाहतीची छोटी प्रतिकृती मांडली होती, तिच्यात खाडी निळ्या काचेची आणि झाडं स्पंजाची.

मॅनेजर धावत आला. "मावशी, बसा ना. थंड पाणी घ्या."

"मला मावशी म्हणू नकोस. तुझ्यासारखा भाचा असावा असं पाप मी केलेलं नाही." मग तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "तो फोटो काढ."

"तो कंपनीचा आहे."

"थोबाड माझं आहे!"

ती चिखलाच्या पायांनी कोचावर चढली आणि फोटो ओढला. चौकट खाली आली, काच फुटली, कुणीतरी किंचाळलं. गिऱ्हाइकांत एक म्हातारं जोडपं होतं, आयुष्यभराची कमाई घेऊन आलेलं. त्यातल्या आजींनी ताईला विचारलं, "हे काय आहे गं? इथे पाणी येतं का?"

मॅनेजरने ताईकडे बघितलं. मावशीने बघितलं नाही. ती फोटो फाडण्यात गुंतली होती.

ताई म्हणाली, "आजी, मोठ्या भरतीला या आणि स्वतः बघा. आत्ता पैसे भरू नका."

ताईची नोकरी तिथल्या तिथे गेली. मावशीवर तोडफोडीची तक्रार झाली आणि चौकीच्या बाकावर आम्ही तिघं दिवसभर बसलो. तिथल्या हवालदाराने मावशीला विचारलं, "काच का फोडली?" ती म्हणाली, "खाडी फोडली त्याची तक्रार कुठे करतात ते सांगा, मग काचेचं बोलू." हवालदार हसला, पण कागद त्याने काचेचाच केला.

ते म्हातारं जोडपं खरंच भरतीला आलं, आणखी काही गिऱ्हाइकांना घेऊन. जिथे त्यांचा दिवाणखाना होणार होता, तिथे ती मंडळी गुडघाभर पाण्यात उभी राहिली. खालच्या पट्ट्यातल्या इमारतींना मग कुणी विचारेना. कंपनीने त्या रद्द केल्या. लाज वाटून नाही, घरं खपेनात म्हणून. खाडीचं तोंड मात्र बुजलं ते बुजलंच. वरच्या माळावर हॉटेल झालं, आणि आमच्यासारख्यांची घरं जिथे होती तिथेच आहेत, दोन खोल्यांत चार बिऱ्हाडं.

ताई आता मासळी गोठवायच्या कारखान्यात जाते. मायलेकी बोलायला लागल्या, पण आधी भांडून. ते बरं झालं.

उरलेल्या खारफुटीभोवती कंपनीने तारेचं कुंपण घातलंय. त्यावर पाटी आहे, 'आम्ही जपलेली खारफुटी. प्रवेश बंद.' जपलेली म्हणे! मावशी रोज सकाळी रोपं घेऊन तिथे जाते. पहारेकरी रोज अडवतो. ती रोज त्याला ऐकवते, तारेखालून वाकून आत शिरते आणि लावायला लागते.