पोस्टमनने गाळलेली ओळ

कंधारच्या भामाबाईंना वाचता येत नाही. एकाहत्तरच्या लढाईतून नवऱ्याची पत्रं यायची, तेव्हा पोस्टमन वाचून दाखवायचा, "मी मजेत हाय." नवरा परतला, पण लढाईबद्दल मरेपर्यंत बोलला नाही.

आता नातू आनंदराज सीमेवर आहे आणि टीव्हीवर हल्ल्यांच्या बातम्या चालू आहेत. जरा धीर यावा म्हणून भामाबाईंनी नातीकडून ती पत्रं पुन्हा वाचून घेतली.

"संगतीचा गडी काल गेला. लई भ्या वाटून राहिलंय," नातीने वाचलं. ही ओळ त्यांनी कधीच ऐकली नव्हती. त्यांनी नातीला ती पुन्हा वाचायला लावली.

संध्याकाळी आनंदराजचा फोन आला. "मजेत हाय, आजी."

"खरं सांग, बाळा. भ्या वाटतंय का?"

त्याने आवाज खाली आणला.

"हाव."

"मलाबी," म्हणत भामाबाई रडू लागल्या.