मासूदादाचा घास

मासूदादाला कुणी जेवायला बोलावलं, की गावात कुणाचं तरी चुकलंय असं समजायचं.

मला हे कुठून ठाऊक असणार? आलापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या त्या गावाच्या शाळेत मी नुकती रुजू झाले होते. वाटलं, काय नशीबवान म्हातारा आहे, सारखा आपला पाहुणचार! तसं मी बोलूनही दाखवलं. तो बोळक्या तोंडाने हसला. "पावनचार नाई बाई. लोकाची चूक खातो मी."

त्याचं असं होतं. गावाचा नियम कुणी मोडला, की त्याच्याशी बोलणं बंद, विहिरीवर पाणी बंद, उद्या मेला तर खांदासुद्धा बंद. परत यायचं असेल तर त्या माणसाने गावाला जेवण घालायचं. सगळे पत्रावळीसमोर बसायचे, पण हात कुणी लावायचा नाही. आधी मासूदादाने पहिला घास घ्यायचा. तो घास पोटात गेला, की चूक मासूदादाची झाली आणि माणूस मोकळा. हे काम त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं.

एकदा एका म्हातारीने आंब्याचा सण व्हायच्या आधीच, देवाला न दाखवता आंबा खाल्ला. केवढा गहजब! मासूदादाने घास घेतला, गिळला आणि तिला विचारलं, "आजी, आंबा गोड तरी होता का वो?"

"कुठचा रे! आंबट होता निस्ता."

"मंग तं तुले दंड पहिलेच भेटला!" सगळी पंगत खो-खो हसली.

मी बल्लारपूरची, बौद्ध घरातली. आमच्याकडे देव नाहीत, आणि कुणी देवाच्या नावाने काही सांगू लागलं की माझं डोकं सटकतं. मासूदादा मात्र येताजाता देवाचंच बोलायचा. देवाला ते लोक पेन म्हणतात. गावातली दोन घरं कुठल्याशा बाबाच्या नादी लागली होती आणि पेनच्या ठाण्याकडे फिरकत नव्हती. तरी सणाला मासूदादा त्यांच्या नावाच्या पत्रावळी मांडायचाच. मी म्हटलं, "दादा, त्यांनी देव सोडला ना?"

"त्याहिनं देव सोडला बाई. देवानं त्याहिले थोडी सोडलं? देव रुसते, पन घर सोडून जात नाई."

बोलायला सोपं आहे, असं मी मनात म्हटलं.

त्याची बायको जैनी मोठमोठ्याने हसणारी, कामाला वाघीण. शाळेत येऊन मला लाल मुंग्यांची चटणी देऊन जायची आणि मी तोंड वाकडं केलं की आणखी हसायची. गावातले लोक दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातात. एका वर्षी सगळे परत आले, जैनी आली नाही. तिकडच्या मुकादमाकडे राहिली होती. वर्षभराने परतली तेव्हा मासूदादाने तिचा घास खाल्ला. पुढच्या मिरचीला ती पुन्हा गेली आणि पुन्हा तिथेच राहिली.

मासूदादा काही साधुपुरुष नव्हता हं. चारचौघांत रडायचा. तिला अशा शिव्या घालायचा की मी शाळेच्या खिडक्या लावून घ्यायची. "देवालेई राग येते बाई, मी तं मानूस," म्हणायचा आणि पुन्हा रडायचा. वाळून पार काटकी झाला.

आणि एक दिवस जैनी आली. गावाच्या बाहेर, मोहाच्या झाडाखाली बसून राहिली. खंगलेली, मान खाली. पाणी द्यायला कुणी गेलं नाही. खरं सांगते, माझाही जीव तिच्यासाठी तुटला नाही. मी मासूदादा असते तर म्हटलं असतं, चल, नीघ!

पंच बसले. गावपाटील समजुतीने म्हणाला, "मासू, तुह्यंच नुकसान झालं. तू कायले खातं? शेजारच्या गावचा मानूस बलावू. तो खाईन, बाई गावात राहीन, तुह्या डोक्याले ताप नाई."

चांगली सोय होती. मासूदादाने नुसतं हो म्हणायचं होतं. त्याने बराच वेळ जमीन उकरली आणि म्हणाला, "दुखलं कोनाचं? माहं. मंग दुसऱ्यानं खाऊन का होते?"

जेवणाचा दिवस आला. भात आणि तुरीचं वरण जैनीनेच रांधलं होतं. मासूदादाने घास उचलला, तोंडात घातला आणि तसाच बसला. गिळेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कुणीतरी तांब्या पुढे केला, तो त्याने हाताने मागे सारला. सगळं गाव त्याच्या गळ्याकडे बघत होतं. जैनी चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं, थुंकणार हा आता. एकीकडे वाटलं थुंकावं, आणि एकीकडे गिळावं म्हणून मी पदर घट्ट धरून बसले होते.

शेवटी गिळला. घसा खाकरला. ती आल्यापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आता तिच्याकडे बघून म्हणाला, "मीठ कमी पडलं, जैने."

ती धावत आत गेली आणि मुठीतून मीठ घेऊन आली. पंगत भातावर तुटून पडली. मी मात्र पत्रावळीसमोर खुळ्यासारखी बसून होते. जेवावं की उठावं, कळेना.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर त्याला धरलंच. "आता दुखत नाही का?"

"दुखते ना. काऊन नाई दुखनार?"

"मग?"

"हे म्या नाई काढलं बाई. आमी पेनले सोडून कुठी कुठी गेलो. परत आलो का तो म्हनते का, थांब, तुले दुसऱ्या देवाकडं पाठवतो? ज्याले सोडलं, त्यानंच जवळ घेतलं पायजे. दुसऱ्याचं का गेलं?"

"आणि ती पुन्हा गेली तर?"

"जाईन बी ती," तो म्हणाला आणि बिडी शोधायला लागला. मला त्याचा असा संताप आला!

ती गेलीच. तोवर माझी जिवतीकडे बदली झाली होती. कामासाठी आले असताना आलापल्लीच्या बसस्टँडवर मासूदादा भेटला. माझ्या हातात आलूबोंडे होते. त्याने एक घेतला, अर्धा खाल्ला आणि थांबला.

"खा ना दादा, किती वाळलात!"

"नाई बाई. भूक ठेवा लागते."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी कडाडले, "अहो, किती दिवस? तिच्या घासासाठी?" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. तेवढ्यात सिरोंच्याकडची गाडी आली. तेलंगणातून येणारे त्याच गाडीने येतात. तो उठून दाराशी गेला, उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघितलं, कंडक्टर उतरेपर्यंत थांबला आणि परत येऊन माझ्याशेजारी बसला.

माझी बल्लारपूरची गाडी लागली होती. मी का उठले नाही, ते आजही सांगता येत नाही. चौकशीच्या खिडकीशी गेले आणि सिरोंच्याहून पुढची गाडी कधी येते, ते विचारून आले.