तिच्यावरचं राज्य

नातीला थेरपीला न्यायचं काम माझं. मुलगा-सून कामावर जातात. नातीला ऑटिझम आहे. बोलते थोडं, पण माणसांपेक्षा पंख्याकडे बघून. थेरपीत मॅडम तिच्यासमोर बसून चेंडू घरंगळवतात. "आता माझा नंबर. आता तुझा नंबर." तासभर हेच. मी चौथी शिकलो, गिरणीत उभा जन्म काढला, मला हे कोणी शिकवलं नव्हतं. चाळीतल्या पोराला ते आपोआप येतं. मॅडमना तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी विचारलं, मग चाळीत ही कोणाबरोबर खेळते?

मला झोंबलं. संध्याकाळी चौकातल्या पोरांना बोलावून बजावलं, हिला लिंबूटिंबू घ्या. लिंबूटिंबू खेळात असतो, पण आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. धाकट्या भावंडांना असंच घेतात. पोरं लगेच कबूल झाली. पुढच्या खेपेला मी ताठ मानेने मॅडमना सांगितलं.

"तिला कोणी पकडतं का, आजोबा?"

"कसं पकडतील? लिंबूटिंबू आहे ती."

"मग ती खेळते कुठे?"

घरी येऊन नीट बघितलं. पोरं खांबाला वळसा घालावा तशी तिला वळसा घालून पळत होती. ती मधे उभी राहून बोटं हलवत होती. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आजपासून लिंबूटिंबू बंद. एक पोरगा म्हणाला, रडेल ती. मी म्हटलं, रडू दे.

समोरच्या खोलीतल्या पोरीने तिला शिवलं आणि राज्य दिलं. नातीने कान दाबून अशी किंकाळी फोडली की सगळी चाळ गॅलरीत आली. एक बाई मुद्दाम मला ऐकू येईल असं म्हणाली, म्हाताऱ्याला घरात करमत नाही. सुनेने नातीला उचललं. "चांगली उभी होती, बाबा. कशाला डिवचलंत?" 

दुसऱ्या दिवशी मॅडम मात्र म्हणाल्या, बरं केलंत, पण शिवण्याआधी तिला सांगायला हवं होतं. आणि आता ओढू नका. बोलवा आणि थांबा. किती थांबायचं, ते काही त्यांना सांगता येईना. इतकी शिकलेली बाई आणि औषध काय, तर थांबा.

त्याच संध्याकाळी ती समोरची पोरगी दारात आली. खाली पोरं बोंबलत होती.

"आजोबा, हिचं राज्य बाकी आहे. हिने घेतल्याशिवाय आमचा डाव कसा सुरू होणार?"

नात पंख्याकडे बघत बसली होती. दंडाला धरून तिला खाली न्यावं, असं माझ्या हाताला होत होतं.

"मला काय विचारतेस? राज्य तिच्यावर आहे, तिला विचार."

पोरीने विचारलं. नातीने मान वळवली नाही. पोरगी खालच्यांना थांबा रे म्हणून ओरडली आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून, दात आवळून बसलो.