आधी पिशवी, मग माणूस

एस.टी. फलाटाला लागायच्या आधीच बाईंची पिशवी खिडकीतून आत गेलेली असे. आपण सगळे रुमाल टाकून जागा धरतो. बाई अख्खी पिशवी टाकत, डबा आणि छत्रीसकट. मग ओळखीच्यांची विचारपूस करत सावकाश दाराशी येत. "पिशवी बसली की मानूस बसलं, गुरुजी. घाई कशापायी?"

श्रीरामपूरहून नेवाशाच्या वाटेवरच्या एका शाळेत आम्ही दोघं शिकवायला जात असू. मी कोपरं खात, कंडक्टरशी भांडत चढणार आणि दांड्याला लोंबकळत जाणार, बाई मात्र खिडकीशी. माझा रुमाल लोक खुशाल उचलून बाजूला ठेवत. बाईंच्या पिशवीला हात लावायची कुणाची छाती नव्हती, कारण निम्मी गाडी त्यांच्या हाताखाली शिकलेली.

नवऱ्यामागे बाईंनी वाढवलेली एकुलती एक लेक लंडनला नर्स होती. तिचं पहिलं बाळंतपण आलं, तिनं तिकीट पाठवलं आणि बाई विमानात बसल्या.

त्या परत आल्यावर मी रोज विचारायचो, लंडन कसं आहे? बाई विषय बदलत. एकदा आमची गाडी रस्त्यातच बंद पडली. बाभळीखाली ताटकळत मी एस.टी.च्या नावानं बोटं मोडू लागलो, तेव्हा कुठं त्या बोलल्या.

जावयाकडे जुनी मोटार होती. थंडीत ती एरवी सुरूच होत नसे. त्या पहाटे नेमकी झाली. आईंना कशाला उठवा म्हणून या शहाण्यानं एकट्या बायकोला दवाखान्यात नेलं आणि तिथून फोन केला, "तुम्ही भुयारी गाडीनं या, दोनच स्टेशनं आहेत." बाईंनी दवाखान्याचं नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि ती बाळासाठी शिवलेल्या दुपट्याबरोबर पिशवीत टाकली.

गाडी आली, दार उघडलं, समोरच रिकामी जागा. बाईंनी पिशवी टाकली आणि उतरणाऱ्यांना वाट द्यायला बाजूला झाल्या. जागा तर धरलेली होती. तेवढ्यात दार आपोआप मिटलं.

"अवो, मानूस खाली हाय, म्हनून वरडले. कंडक्टर न्हाई, घंटी न्हाई. सांगायचं कुनाला? पिशवी बसून गेली आन् मी खाली."

त्या दाराचा धसकाच घेतला; वर येऊन त्यांनी टॅक्सी थांबवली. चिठ्ठी पिशवीबरोबर गेलेली; दवाखान्याला कुठल्याशा संताचं नाव आहे, एवढंच आठवत होतं.

"त्यो म्हनतो, कुठला संत? तिथं दवाखान्यांना संतांचीच नावं, गुरुजी. चर्चमधी लहानाची मोठी झाले, सगळे संत तोंडपाठ. त्या दिशी एक आठवंना."

टॅक्सीनं दोन भलतेच दवाखाने दाखवले. तिसरा बरोबर निघाला, तोवर भेटायची वेळ संपली होती. नात होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी लेक भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, एवढा समुद्र वलांडलास आन् दोन टेसनांवर ऱ्हायलीस."

हे सांगताना बाई रडल्या नाहीत; नुसत्या धुमसत होत्या. मीही जावयावर चिडलो, त्या दारावर चिडलो. एस.टी.ला मी लाख शिव्या देईन, पण माणूस राहिलंय म्हटलं की ती थांबते तरी.

त्यानंतर बाईंची पिशवी खिडकीतून कधी गेली नाही. ती छातीशी धरून त्या गर्दीत धक्के खायच्या. मी वैतागून म्हणायचो, "बाई, टाका की!" त्या मान हलवायच्या.

दोनेक वर्षांनी लेकीनं पुन्हा बोलावलं. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. मनमाडकडची गाडी खच्चून भरलेली. मी म्हणालो, "बाई, द्या पिशवी, खिडकीतून जागा धरतो."

"न्हाई गुरुजी. आधी मी."

चढल्या. जागा मिळाली नाहीच. नवं दुपटं भरलेली पिशवी पोटाशी आवळून त्या दारात उभ्या राहिल्या; मला हात करायलासुद्धा त्यांनी ती सोडली नाही.

बाई तिकडंच राहिल्या. एस.टी.तली त्यांची खिडकी मग रोज कुणीतरी पळवी आणि मी दांड्याला लोंबकळत चडफडे. पोचल्यावर त्यांनी मला एकच कार्ड पाठवलं. लंडनबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

"नातू झाला. मी हजर होते."