किती उतरली?

"किती उतरली?" असं एरवी पिऊन आलेल्या माणसाबद्दल विचारतात. आमच्या घरात हा प्रश्न दोन वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला, पूर्ण शुद्धीत असलेल्या बाईला विचारला जायचा. विचारणारा माझा नवरा, उत्तर देणारी मी, आणि उतरायची ती आमच्या विजेवरच्या गाडीची बॅटरी. शेजारचे गृहस्थ जिन्यात हे ऐकून हसायचे. सुरुवातीला मीही हसले.

त्याआधी, नव्वदीच्या दशकात, नवऱ्याने मला पेट्रोलची गाडी शिकवायला घेतली होती. नाशकातल्या घारपुरे घाटाच्या चढावर क्लच आणि ब्रेकच्या घोळात ती तीनदा बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. नवऱ्याने काच खाली केली, मान बाहेर काढली आणि मागच्यांना म्हणाला, "बाई शिकतेय, जीव वाचवा!" लोक खदाखदा हसले. त्यानंतर मी किल्लीला हात लावला नाही, आणि त्यानेही कधी आग्रह केला नाही.

विजेच्या गाडीत क्लच नव्हता, गिअर नव्हते. म्हणून ती बायकांची गाडी ठरली आणि म्हणूनच माझ्या वाट्याला आली. नाशकात तेव्हा अशा गाड्या दिसतच नव्हत्या. कॉलेज रोडवर सिग्नलला थांबले की स्कूटरवाले वाकून विचारायचे, "मॅडम, बंद पडली का?" कारण आवाजच नाही. नवरा म्हणाला होता, "ही तुझी." आमच्या संसारात एवढ्या मोठ्या वस्तूला त्याने माझी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. खुळ्यासारखी हुरळले.

आणि शिकले, मन लावून शिकले. डाव्या पायाला कामच नसतं, तो कुठे ठेवायचा हे कळायलाच आठवडा गेला. एक बटण फिरवलं की पुढे, उलटं फिरवलं की मागे. उतारावर पाय काढून घेतला की चाकांतून थोडी वीज परत बॅटरीत जाते. पंखा लावला की बॅटरीचे टक्के भराभर जातात. सीटखाली बॅटऱ्यांची रांग होती. त्यांना पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर पाजावं लागतं, तेही प्रत्येक भोकात रेघेपर्यंतच. गाडीसोबत आलेलं पुस्तक मी दोनदा वाचलं. नवऱ्याने ते उघडलंही नाही.

त्याने एकच गोष्ट शिकून घेतली. एका रविवारी शेजारी बसून त्याने मला मी नोकरीला होते त्या ग्रंथालयापर्यंत गाडी न्यायला आणि परत आणायला लावली, आणि टक्के बघून ठेवले. जाऊन-येऊन बारा. दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागला, "किती उतरली?" बारा म्हटलं की पेपर वर करायचा. पंधरा म्हटलं की पेपर खाली. मनात आलं तर खाली जाऊन गाडीतला आकडाही बघून यायचा.

त्याचं कारण माझे वडील. ते नाशिकरोडला राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून एकटे. आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला त्यांनी दारावरची नवी पाटी वाचली आणि भर पाहुण्यांत विचारलं, "जावईबापू, माझ्या मुलीचं नाव राहिलं का?" बस, एवढंच. नवरा कसनुसा हसला. पण त्यानंतर त्याने त्या घराची पायरी चढली नाही. मला बंदी घातली असती तर मी भांडले असते. बंदी घालण्याइतका तो साधा नव्हता. "जा की," म्हणायचा, आणि मी गेले की चार दिवस घरात कुणाशी बोलायचा नाही. मुलगी दहावीला होती. ते चार दिवस टाळायला मी काहीही करायला तयार होते.

म्हणून मी गाडीला हाताशी धरलं. गुरुवारी मला अर्धा दिवस सुट्टी असायची. नाशिकरोडला जाऊन यायचं म्हणजे तीस टक्के उतरायची, आणि घरी दाखवायचे बारा. वडिलांनी त्यावर नकळत उपाय काढला. पहिल्याच गुरुवारी त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली आणि म्हणाले, "आपण चहा घेऊ, तिलाही पाजू." त्यांना तो पाहुणचार वाटत होता. मी तास-दीड तास बसायचे, त्यांचं बोलणं ऐकत, अर्धं लक्ष टक्क्यांकडे. द्वारका चौकातल्या गर्दीत पाय काढून, पंखा बंद करून, घाम पुसत परत यायचे. "किती उतरली?" "बारा." मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा! त्याच्या नाकावर टिच्चून आपण कसं जमवतो म्हणून मनातल्या मनात पेढे वाटायचे. आज आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं. नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी बाटलीत भरलं आणि बॅटऱ्यांत ओतलं. मी म्हटलं, "अहो, पुस्तकात हे चालत नाही असं लिहिलंय." तो म्हणाला, "आपण जे पितो ते गाडीला चालत नाही? तिचे काय लाड!" पुढेही दर पंधरवड्याला फिल्टरचंच पाणी. दोन-अडीच महिन्यांत बॅटऱ्या खंगल्या. ग्रंथालयाला जाऊन आलं तरी वीस उतरायची, मग पंचवीस. मी खरंच कुठे गेले नसायचे, आणि पेपर खाली यायचा.

"कुठे गेली होतीस?"

"कुठेच नाही. तुम्ही ते पाणी घातलंत ना..."

"पाण्यावर ढकलू नकोस."

दोन वर्षं खोटं बोलले तेव्हा त्याने विश्वास ठेवला आणि खरं बोलले तेव्हा खोटी ठरले. आणि तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार होते?

त्याच पावसाळ्यात वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, नाशिकरोडच्याच एका दवाखान्यात. सकाळी शेजाऱ्यांनी पोचवलं, चार वाजता घरी न्यायला मी येणार होते. दिवस गुरुवारचाच मागून घेतला होता. वडील म्हणाले होते, "तू येईपर्यंत मी बाकावर बसतो, घाई करू नकोस." त्या आठवड्यात भारनियमनाच्या वेळा बदलल्या आणि सकाळी, ऐन गाडी चार्ज व्हायच्या वेळेलाच, आमच्याकडची वीज गेली. गाडीत चाळीसच टक्के होते. पूर्वी तेवढ्यात आरामात जाऊन आले असते.

नाशिकरोडच्या वाटेवर, उपनगर नाक्याच्या अलीकडे गाडीचा दम संपला. दहा टक्के, सहा, दोन. कशीबशी कडेला घेतली. तेव्हा पावणेचार वाजले होते.

मला पुस्तकातलं एक वाक्य पाठ होतं: बॅटऱ्यांना थोडा आराम दिला की त्या दोन-चार टक्के परत धरतात. मी आराम दिला. काचा वर, पंखा बंद, नजर आकड्यावर. बाहेरून रिक्षा जात होत्या. रिकाम्या रिक्षा, एकामागून एक. एक तर माझ्यासमोर थांबली, त्याने विचारलं, "नाशिकरोड?" मी मान हलवून नाही म्हटलं. गाडी तिथे सोडली तर ती आणायला नवऱ्याला सांगावं लागणार होतं, आणि मग ती उपनगरला कशाला गेली तेही. मी तिथे दीड तास बसले. एक डोळा झाकलेला माझा बाप बाकावर वाट बघतोय हे मला माहीत होतं, आणि मी टक्के मोजत होते.

चार टक्के झाले तेव्हा निघाले, सायकलच्या वेगाने. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, "आजोबा पाचपर्यंत बसले होते. मग एकटेच गेले." घरी पोचले तर वडील खुर्चीत, डोळ्यावर पांढरी पट्टी. पायजमा गुडघ्यावर मळलेला. गेटपाशी पायरी दिसली नाही, एवढंच म्हणाले. मी खाली बसून गुडघा बघितला. खरचटलं होतं.

"गाडी बंद पडली, अप्पा."

"अगं, मग रिक्षाने यायचंस."

"मिळाली नाही."

त्यांनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षं वर्गात मुलांची कारणं ऐकलेला माणूस तो. मला वाटलं, आता विचारतील, आणि मी सगळं सांगून टाकेन. ते म्हणाले, "असेल," आणि भिंतीला हात लावत उठले. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेले आणि चाचपडत वायर शोधायला लागले.