गिरधरची मूठ

आमच्या भाऊबंदकीत गिरधरइतका गरीब स्वभावाचा माणूस नाही, असं मी जन्मभर सांगत आले. माझा चुलत दीर लागतो तो. भडगावपासून जवळच, गिरणेच्या काठाला त्याची केळी. कुणाला उलटून बोलणं नाही, बैलावर हात उचलणं नाही. म्हणून त्या दिवशी तो जे बोलला, ते ऐकून माझ्या हातातली परात खाली पडली.

गेल्या श्रावणात कानबाईचा, आमच्या खानदेशी देवीच्या सणाचा, आदला दिवस होता. गिरधरचा धाकटा भाऊ नवल वारला म्हणून त्याआधीच्या वर्षी कानबाई बसवली नव्हती, या खेपेला बसवणार होतो. मी रोटाचे गहू काढत होते. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, तेच दळून रोट करतात आणि भाऊबंदांनीच ते संपवायचे असतात. मेलेल्याची मूठ पडत नाही. नवलची मूठ नाही पडली तेव्हा त्याची बायको लताबाई जात्यापाशी मान खाली घालून बसली होती. मी गिरधरचं नाव घेतलं तर हा दारातून म्हणतो, "वहिनी, मनी मूठ नको टाकू."

माझं टाळकंच सरकलं. "जिवता माणूसनी मूठ टाळतस का रे? सणासुदीचं काय अभद्र बोलतो!"

तर तो उंबऱ्यावरच बसला, लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "नवलना जीव मी लिधा. ऑटो मी चालू करेल व्हता."

आता सांगते. आमच्याकडे लाईटीचा काही भरवसा नसतो, म्हणून मोटारीच्या पेटीला ऑटो बसवतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. विहिरीत कुणी उतरणार असलं की ऑटो बंद करायचा, फ्यूज काढायचे, हे पोराटोरांनाही ठाऊक. त्या दिवशी मोटार गाळात रुतली म्हणून नवल पाण्यात उतरला. झिपरूनं, त्यांच्या सालदारानं, म्हणजे सालावर ठेवलेल्या गड्यानं, ऑटो बंद केला आणि दोर आणायला गेला. फ्यूज तेवढे राहिले. मागून गिरधर आला. त्याला वाटलं, नवल अजून घरीच आहे, आणि लाईट आली तर केळीला पाणी कोण सोडणार? विहिरीत डोकावलं नाही. ऑटो चालू केला आणि चहाला निघून गेला.

लाईट आली. मोटारीची वायर जागोजागी जोडलेली, करंट पाण्यात उतरला. नवल पाण्यातच गेला.

गावानं झिपरूला धरलं. मोटार सालदाराच्या हातात असते ना! पारावर सगळ्यांनी त्याला विचारलं, तो शपथा घेत राहिला, आणि गिरधर शेजारी गप्प उभा. सालदाराचं साल संपतं त्या आखाजीची, अक्षय्य तृतीयेची, वाटही न बघता झिपरूला काढला. मग गावात त्याला कोण ठेवतंय? बायकोला घेऊन बोदवडला बहिणीकडे गेला बिचारा.

मला वाटलं, लताबाई आता किंचाळेल. पण तिनं एवढंच विचारलं, "झिपरूले सांगं का?"

अजून त्यालाही सांगितलं नव्हतं. गिरधरनं मान हलवली. नाही.

तिनं माझ्या हातून त्याच्या नावाचे गहू घेतले, फडक्यात बांधले आणि खुंटीला टांगले. "झिपरूले सांगस तठलोंग दळू नका अक्का," म्हणाली. मला तिचा राग आला आणि तिच्या पायाही पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबंद रोट खायला बसले आणि गिरधर बोदवडला गेला. आमचे हे सोबत होते. झिपरूनं ऐकून घेतलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाला, "गावम्हाईन मी चोरनासारखा निंघनू. आते तुम्ही मना कानमा सांगी ऱ्हायनात."

सोमवारी कानबाई विसर्जनाला नदीवर निघाली. डफ वाजत होते, सगळं गाव रस्त्यावर. पारापाशी गिरधरनं वाजंत्री थांबवली आणि ओरडून सांगितलं, ऑटो आपण चालू केला, झिपरूचा दोष नव्हता. कुणी थुंकलं, कुणी म्हणालं, कानबाईच्या दिवशी याला हीच वेळ सापडली! एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, आता सांगून नवल परत येतो का? नाही येत बाबा. ते काय आम्हाला कळत नाही?

आखाजीला झिपरू परत आला. गिरधरकडे नाही, लताबाईकडे सालदार म्हणून. विहीर मात्र सामाईकच. झिपरू आत उतरायचा तेव्हा फ्यूज काढून स्वतःच्या कनवटीला लावायचा. गिरधर आपला पेटीपाशी उकिडवा बसायचा. उन्हातान्हात, कुणी बसायला सांगितलेलं नसताना. झिपरू त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही.

परवा, यंदाची कानबाई तोंडावर आलेली, मी भाकरी घेऊन मळ्यात गेले होते. झिपरूनं फ्यूज काढले. काठापर्यंत गेला. मग मागे फिरला आणि गिरधरपुढे हात केला. "भाऊ, हाई धरा."

गिरधरनं फ्यूज ओंजळीत घेतले. दोन्ही हातांनी छातीशी धरून बसला, झिपरू वर येईपर्यंत. माशी बसली तोंडावर, हाकललीसुद्धा नाही.

घरी येऊन मी लताबाईला सांगितलं. तिनं स्टूल ओढलं, खुंटीवरचं फडकं काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "अक्का, यंदा हाई बी दळा."

सोडून बघते तर गहू पोखरलेले. "किडा पडनात वं यामा," मी म्हटलं.

"निवडी लेसू मी," ती म्हणाली आणि सूप घेऊन दारात बसली.